अंक न लिहिता १ ते १००: ६८ बाइटचे २१ कसे होतात

प्रश्न थोडक्यात असा होता: "पायथन ३ मध्ये १ ते १०० आकडे छापायचे आहेत. कोडमध्ये ० ते ९ पैकी एकही अंक नको, फॉर आणि व्हाइल हे शब्द नकोत. आकड्यांमध्ये स्पेस चालेल. कमीत कमी बाइटवाला जिंकणार. मी ६८ वर आहे, पहिल्या नंबरचं उत्तर २१ बाइटचं आहे. दोन दिवस एकेक अक्षर कापतोय, पण ६० च्या खाली काही जात नाही. ही मंडळी विचार तरी कसा करतात? आणि खऱ्या कामात याचा काही उपयोग होतो का?"

नमस्कार. बरीच वर्षं हा कोड-गोल्फचा, म्हणजे कमीत कमी बाइटमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधी सांगतो: खालच्या ओळींत पायथनचे शब्द मी देवनागरीत लिहिलेत. चालवून बघताना मूळ रोमन अक्षरांत लिहा. बाइटही मी त्या मूळ रूपाचेच मोजलेत.

तुमचं उत्तर समोर ठेवू:

प्रिंट(*रेंज(लेन('ए'),लेन('एएएएएएएएएए')*लेन('एएएएएएएएएए')+लेन('ए')))

पहिल्या प्रयत्नाला हे अजिबात वाईट नाही. रेंजच्या आधी तारा लावून सगळे आकडे एकदम प्रिंटच्या हातात द्यायचे, म्हणजे लूपच लागत नाही, हे तुम्हाला सुचलंय. बरेच जण इथेच अडकतात आणि रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच बोलावणारं फंक्शन, लिहीत बसतात.

तुम्ही विचारताय, कोड आणखी कसा कापू. पण कापण्यासारखं त्यात काही उरलेलंच नाही. तुम्ही मनात आधी नेहमीचा प्रोग्रॅम लिहिला, म्हणजे १ पासून १०१ पर्यंतची रेंज (रेंज शेवटचा आकडा धरत नाही, म्हणून १०१), आणि मग जिथे जिथे अंक आला तिथे ठिगळ लावलं. १ च्या जागी एका अक्षराची लांबी. १०१ च्या जागी दहा गुणिले दहा अधिक एक. एकदा असं केलं की तुमचं सगळं लक्ष ठिगळावर जातं. दहाच्या ऐवजी दुसरे कुठले अवयव घेऊ, लेन कमी वेळा कसं वापरू, वगैरे. त्यात तीन-चार बाइट वाचतात. ४७ बाइटचा फरक त्यातून येत नाही.

मी अशा वेळी प्रोग्रॅम बाजूला ठेवतो आणि कागदावर एक यादी करतो: या भाषेत आकडा कुठून कुठून मिळतो? अंक लिहून मिळतो, तो रस्ता बंद. लांबी मोजून मिळतो, हा तुम्ही घेतला. पुढे? ट्रू आणि फॉल्स हे पायथनमध्ये आकडेच आहेत, ट्रू म्हणजे १. अक्षराचा कोड, म्हणजे संगणक ते अक्षर ज्या आकड्याने ओळखतो तो, ऑर्डने मिळतो. तुलना केली की ट्रू-फॉल्स मिळतं, म्हणजे []==[] हे सुद्धा एक आहे आणि []>[] हे शून्य. टिल्डचं चिन्ह आहे: ~क म्हणजे वजा क वजा एक, म्हणून -~क म्हणजे क अधिक एक आणि ~-क म्हणजे क वजा एक. अंक न लिहिता बेरीज-वजाबाकी झाली, आणि कंसही वाचले. (क+एक) ला दोनने गुणायचं असेल तर एरवी कंस लागतो, -~क ला लागत नाही.

ही यादी वहीत कायमची असू द्या. माझ्याकडे प्रत्येक भाषेसाठी एकेक पान आहे: शून्य कसं, एक कसा, दहा कसे, रिकामी स्ट्रिंग कशी, स्पेस कशी, नवी ओळ कशी. स्पर्धा सुरू झाल्यावर यादी करायला बसलात तर उशीर होतो.

आता यादी हातात घेऊन तुमच्या कोडकडे बघा. लेन('ए') ला आठ बाइट लागतात, ट्रूला चार. आणि १०१ हा कोणत्या अक्षराचा कोड आहे? रोमन लिपीतल्या छोट्या ई चा. म्हणजे:

प्रिंट(*रेंज(ट्रू,ऑर्ड('ई')))

हे २८ बाइट. एका फटक्यात चाळीस वाचले, आणि आपण काही कापलं नाही, १०१ आणायची वाट बदलली. गुणाकार करून १०१ बनवायची गरजच नव्हती, तो एका अक्षरात तयार होता.

इथवर बहुतेक जण येतात. पुढचं पाऊल यादीतल्या एका ओळीतून येतं, जी मी मुद्दाम आत्तापर्यंत लिहिली नव्हती: बाइट-स्ट्रिंग. नेहमीची स्ट्रिंग अक्षरांची बनलेली असते, पण अवतरणचिन्हाच्या आधी बी लावला की ती बाइटची होते, आणि तिच्यातून एकेक घटक काढला तर पायथन सरळ आकडा देतो. अक्षर नाही, आकडा. मग ऑर्ड हवा कशाला? तारा लावून स्ट्रिंग उघडा:

प्रिंट(*रेंज(ट्रू,*बी'ई'))

ऑर्ड('ई') चे आठ बाइट होते, *बी'ई' चे पाच. एकूण २५.

आणि आता जरा थांबा, पुढचं वाचू नका, पाच मिनिटं स्वतः बघा. स्ट्रिंग उघडतोच आहोत, तर तिच्यातून एकच आकडा का काढायचा?

रेंजला दोन आकडे हवेत, १ आणि १०१. दोन्ही एकाच बाइट-स्ट्रिंगमध्ये ठेवता येतात. १०१ म्हणजे ई. १ म्हणजे ज्याचा कोड १ आहे ते नियंत्रण-अक्षर, जे पडद्यावर दिसत नाही पण फाइलमध्ये एक बाइट म्हणून बसतं. दिसावं म्हणून त्याच्या जागी इथे ¤ लिहितो:

प्रिंट(*रेंज(*बी'¤ई'))

मोजा: प्रिंट आणि कंस सहा, तारा-रेंज-कंस सात, तारा-बी-अवतरण तीन, आतले दोन, बंद अवतरण एक, शेवटचे कंस दोन. २१. पहिल्या नंबरचं उत्तर मी पाहिलेलं नाही, पण बाइट तंतोतंत जुळतात, तेव्हा हेच किंवा याचं भावंड असणार.

या वाटेला मर्यादाही आहेत, आणि त्या माहीत असतील तरच ती पुढच्या वेळी उपयोगी पडेल. बाइट-स्ट्रिंगमध्ये थेट लिहायला १२७ पर्यंतचेच कोड चालतात, त्यावर गेलात तर पायथन तक्रार करतो. शून्य कोडचा बाइट कोडच्या फाइलमध्ये मुळीच चालत नाही. १० म्हणजे नवी ओळ, ती साध्या अवतरणात मोडते, तिहेरी अवतरण लागतं. १३ सगळ्यात वाईट: पायथन फाइल वाचताना त्याला नवी ओळ समजून १० करून टाकतो, म्हणजे तिहेरी अवतरणात चूकही दाखवत नाही, गुपचूप चुकीचा आकडा देतो. ३९ हे एकेरी अवतरणचिन्ह, तिथे दुहेरी वापरा. ९२ ही उलटी तिरकी रेघ, ती दोनदा लिहावी लागते.

समजा स्पर्धा २०० पर्यंतची असती. मग २०१ हा कोड बाइट-स्ट्रिंगमध्ये बसत नाही आणि टाकून दिलेला ऑर्ड परत कामाला येतो, कारण मोठ्या ई वर तिरका स्वराघात असलेलं फ्रेंचमधलं अक्षर युनिकोडमध्ये नेमकं २०१ वर आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ते दोन बाइट घेतं, म्हणजे उत्तर २९ ला जातं. आणखी वर जायचं असेल तर आपली वर्णमाला आहेच: ऑर्ड('क') म्हणजे २३२५. फक्त देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट खातं, हे लक्षात ठेवा.

देवनागरीवरून एक गंमत. पायथनला इंट('१०१') असं देवनागरी अंकांत दिलं तर तो ते १०१ म्हणून बिनतक्रार वाचतो. तुमच्या स्पर्धेची अट "० ते ९ नकोत" अशी असेल तर अक्षरशः बघता हा नियमभंग नाही. अर्थात १६ बाइट लागतात, तेव्हा पाच बाइटच्या *बी'ई' पुढे तो हरतो. पण जिथे अक्षरं मोजतात, बाइट नाहीत, तिथे हेच दहावर येतं. हरलेली युक्ती सुद्धा वहीत लिहून ठेवायची ती यासाठी. दुसऱ्या अटीत ती जिंकू शकते.

आता माझी एक फजिती. अगदी याच जातीच्या एका स्पर्धेत, कोड १ चं नियंत्रण-अक्षर घालून मी रात्री उत्तर टाकलं. सकाळी कुणीतरी लिहिलं होतं, "तुमचा प्रोग्रॅम शून्यापासून मोजतोय." मी म्हटलं शक्यच नाही, माझ्या मशीनवर शंभरदा चालवलाय. मग उत्तराच्या पानावरून माझाच कोड कॉपी करून चालवला, तर खरंच पहिला आकडा शून्य. झालं असं होतं की कॉपी-पेस्टच्या वाटेत ते न दिसणारं अक्षर गळून पडलं. उरलं *बी'ई', म्हणजे रेंजला एकच आकडा गेला, १०१, आणि एकच आकडा दिला की रेंज शून्यापासून सुरू होते. चूक येत नाही, प्रोग्रॅम थाटात चालतो, फक्त चुकीचा. याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे पानावरच्या मोजणी-यंत्राने २० बाइट दाखवले होते, आणि मी "अरे, माझीच मोजणी चुकली होती, आणखी एक वाचला!" म्हणून खूश होऊन झोपलो होतो.

तेव्हापासून न दिसणारं अक्षर असलेलं उत्तर मी हेक्स डंपसोबतच (फाइलमधला एकेक बाइट सोळाच्या पायाच्या आकड्यांत, म्हणजे हेक्समध्ये, लिहिलेला) देतो, बाइट फाइलवर कमांड चालवून मोजतो, डोळ्यांनी नाही, आणि टाकलेलं उत्तर पानावरून परत उचलून एकदा चालवतो. आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर आता आनंद होत नाही, संशय येतो.

इथे "परिस्थितीवर अवलंबून आहे" असं म्हणायची वेळ येते, कारण २१ हे उत्तर तुमच्या स्पर्धेत चालेलच असं मी सांगू शकत नाही. काही आयोजक फक्त छापता येणारी अक्षरंच मान्य करतात. तसं असेल तर नियंत्रण-अक्षर बाद आणि २५ बाइटचं उत्तर तुमचं सर्वोत्तम. काही ठिकाणी पूर्ण प्रोग्रॅम लागतो, काही ठिकाणी नुसतं फंक्शन चालतं. फंक्शन चालत असेल तर छापायचीच गरज नाही, यादी परत केली की झालं. शेवटी प्रोग्रॅम चूक दाखवून बंद पडला तर चालतं का, हेही विचारून घ्या. चालत असेल तर थांबायची अट लिहावीच लागत नाही, प्रोग्रॅम आपटून थांबतो, आणि त्यात कधीकधी दहा-दहा बाइट वाचतात. पायथनची आवृत्ती कोणती, हेही बघा. ट्रूला टिल्ड लावलं तर ३.१२ पासून पायथन इशारा देतो. तो इशारा चुकांच्या वेगळ्या वाटेने जातो म्हणून बहुतेक ठिकाणी चालून जातं, पण ज्या परीक्षकाला दोन्ही वाटा कोऱ्या हव्या असतात तिथे उत्तर बाद. मी अशा वेळी ट्रूच्या आधी अधिकचं चिन्ह लावून त्याचा साधा १ करून घेतो. एक बाइट जातो, झोप लागते.

नियम किती बारकाईने वाचावेत याचं टोक म्हणजे १९९४ सालची गोष्ट. मुद्दाम न समजणारा सी कोड लिहायची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८४ पासून चालते. तिथे एकाने "स्वतःचाच कोड छापणारा जगातला सर्वांत लहान प्रोग्रॅम" म्हणून चक्क रिकामी फाइल पाठवली. शून्य बाइट. रिकामा कोड, रिकामं आउटपुट, दोन्ही एकच. त्याला "नियमांचा सर्वांत वाईट गैरवापर" या नावाचं बक्षीस मिळालं. असा विनोद एकदाच चालतो. आज कुणी हेच केलं तर लोक कंटाळून पुढे जातात.

तर आत्तापर्यंतचं पटकन: अटी शब्दशः वाचा, त्या भाषेत हवी ती किंमत कुठून कुठून मिळते याची यादी करा, मग प्रोग्रॅम त्या यादीतून नव्याने लिहा, आणि कापाकापी सर्वांत शेवटी. तुम्ही चौथ्या पायरीवर दोन दिवस घालवलेत.

नवीन अट समोर आली की काय करायचं, हे अटीच्या जातीवर आहे. तुमची अट सौम्य म्हणायची, कारण तिने फक्त अंक आणि दोन शब्द काढून घेतले. काही अटी उलट बाजूने येतात: अमुकच अक्षरं वापरा. यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जावास्क्रिप्टचं आहे, जिथे फक्त सहा चिन्हांत, दोन चौकोनी कंस, दोन गोल कंस, उद्गारचिन्ह आणि अधिक, कोणताही प्रोग्रॅम लिहिता येतो. अतिशयोक्ती नाही, अक्षरशः कोणताही. कसं ते बघा, कारण यात यादी करायची पद्धत अगदी उघडी दिसते:

+[] म्हणजे ०. रिकाम्या यादीला आकडा व्हायला सांगितलं की ती आधी रिकामी स्ट्रिंग होते, मग शून्य.
![] म्हणजे फॉल्स, आणि !![] म्हणजे ट्रू.
+!![] म्हणजे १.
![]+[] म्हणजे फॉल्स हा शब्द, किंमत नव्हे, पाच अक्षरांची स्ट्रिंग.

या चौथ्या ओळीवर सगळं उभं आहे. बेरजेत एका बाजूला यादी आली की जावास्क्रिप्ट दोन्ही बाजूंना स्ट्रिंग करून जोडतो. म्हणजे हातात फॉल्स हा शब्द आला, आणि शब्द आला की त्याची अक्षरं आली. शून्य आहेच, तेव्हा पहिलं अक्षर काढा:

(![]+[])[+[]]

हे एफ. तेरा चिन्हांत एक अक्षर! महाग आहे, पण मिळालं. [+!![]] लावलं की दुसरं अक्षर, ए. ट्रूमधून टी, आर, यू. [][[]] मधून अनडिफाइन्ड मिळतं, त्यातून एन, डी, आय. अक्षरं पुरेशी जमली की यादीच्या एखाद्या अंगभूत फंक्शनचं नाव जोडता येतं, त्या फंक्शनला स्ट्रिंग करून आणखी अक्षरं मिळतात, आणि असं करत करत शेवटी मजकुरातून नवं फंक्शन बनवणाऱ्या कन्स्ट्रक्टरपर्यंत पोचता येतं. तिथे पोचलात की अट संपली. साधा प्रोग्रॅमही हजारो चिन्हांचा होतो हे खरं, पण होतो.

"प्रत्येक अक्षर एकदाच वापरा" ही अट याहून वेगळी. तिथे युक्तीपेक्षा भाषेची निवड ठरवते. पायथनमध्ये प्रिंट लिहिलं की आर आणि एन संपले, मग रेंज लिहिताच येत नाही, आणि उघडा गोल कंसही संपलेला. मी अशा स्पर्धेत पायथन उघडतच नाही. एका चिन्हात एक काम करणाऱ्या गोल्फसाठीच बनवलेल्या भाषा आहेत, जेलीसारख्या, ज्यांचं स्वतःचं २५६ चिन्हांचं कोडपेज असतं म्हणून प्रत्येक चिन्ह एकच बाइट. त्यात तुमचं हे संपूर्ण कोडं दोन-चार बाइटचं असतं. तेव्हा निकालाच्या यादीत कुणाचं ३ बाइटचं उत्तर दिसलं तर खट्टू होऊ नका. तुलना आपल्याच भाषेतल्या उत्तरांशी.

स्वतःला छापणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, म्हणजे क्वाइनबद्दल, इथे फार लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. एकच सूचना: आधी समजून घ्या की क्वाइनमध्ये एक मजकूर दोनदा वापरलेला असतो, एकदा अवतरणात माहिती म्हणून, एकदा चालणारा कोड म्हणून. हे डोक्यात बसलं की बाकी हिशेब आहे. आणि पायथनमध्ये प्रिंट शेवटी नवी ओळ टाकतो, म्हणून तुमच्या फाइलच्या शेवटीही नवी ओळ हवी. दहातली चार क्वाइन-उत्तरं या एका अदृश्य बाइटवर बाद झालेली मी पाहिली असतील.

आता उपयोगाचं. रोजच्या कामात -~क लिहिलंत तर सहकारी शिव्या घालतील, आणि बरोबरच करतील. बाइट वाचवून कंपनीचा काही फायदा होत नाही. माझ्या बाबतीत फायदा आडवाटेने झाला. भाषा न सांगता किंमतींचे प्रकार कुठे बदलते, ऑपरेटरचा अग्रक्रम कसा चालतो, फाइल वाचताना इंटरप्रिटर काय काय बदलतो, हे मला या खेळातून कळलं. १३ चा १० होतो ही गोष्ट मला एरवी कधी कळली असती? पुढे एकदा कामावर एका फाइलचा चेकसम (तिच्या बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा) दुसऱ्या मशीनवर जुळत नव्हता, तेव्हा पहिला संशय ओळ-शेवटावर गेला, आणि तोच होता.

दुसरा उपयोग सुरक्षेत, आणि तो खरा आहे. कुणी म्हणालं की "आम्ही इनपुटमधून सगळी अक्षरं आणि अंक गाळतो, त्यामुळे कुणी कोड घुसवू शकणार नाही," तर वरची सहा चिन्हं त्याला दाखवा. मनाईची यादी करून बंदोबस्त होत नाही, हे गोल्फ खेळणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही, त्याने स्वतः अशा याद्या रोज चुकवलेल्या असतात.

आणि अटीखाली लिहिलेला लहान प्रोग्रॅम गंमत म्हणून नव्हे तर गरज म्हणून लिहिला गेला, याचं एक सुंदर उदाहरण आहे. अँटिव्हायरस चालू आहे की नाही हे तपासायला एक निरुपद्रवी चाचणी-फाइल वापरतात, आयकार फाइल. योगायोग बघा, ती तुमच्या पहिल्या उत्तराइतकीच आहे, ६८ बाइट. अट अशी होती की ती साध्या एडिटरमध्ये कुणालाही टाइप करता यावी, म्हणजे सगळी अक्षरं छापता येणारी हवीत, आणि तरीही ती डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा खराखुरा चालणारा प्रोग्रॅम असावी. पंचाईत ही की डॉसला काम सांगायची सूचना हेक्समध्ये सीडी २१ अशा दोन बाइटची असते, आणि सीडी हा बाइट साध्या कीबोर्डवर टाइप होत नाही. मग काय केलं? फाइलच्या शेवटी चार साधी अक्षरं ठेवली: एच, अधिक, एच, तारा. प्रोग्रॅम चालू झाला की तो स्वतःच्याच शेपटीतून एक आकडा वजा करतो. एच आणि अधिक मिळून हेक्समध्ये २बी४८. त्यातून ०९७बी वजा करा: २१सीडी. इंटेलच्या प्रोसेसरवर बाइट उलट्या क्रमाने साठवतात, तेव्हा मेमरीत सीडी २१. पुढच्या दोन अक्षरांतून तोच आकडा वजा केला की सीडी २०, म्हणजे प्रोग्रॅम संपव. टाइप करता न येणारी सूचना टाइप करता येणाऱ्या अक्षरांतून, चालता चालता तयार झाली. मी ही वजाबाकी पहिल्यांदा कागदावर करून पाहिली तेव्हा दोनदा तपासली, इतकी ती चपखल आहे.

तुमच्याच *बी'¤ई' ची ही जुनी चुलत बहीण आहे. तुम्हालाही १०१ लिहायला मनाई होती आणि तो अक्षराच्या पोटात लपून आला.

आता तुमच्यासाठी गृहपाठ, म्हणजे ही पद्धत हाताला लागली की नाही ते कळेल. तेच कोडं, त्याच अटी, आणि वर आणखी एक: एकही अवतरणचिन्ह नको, एकेरी नाही आणि दुहेरीही नाही. म्हणजे 'ई' गेलं, बाइट-स्ट्रिंग गेली, १०१ परत लांब पळाला. यादी करायला बसा. एक इशारा देतो: ते ई अक्षर तुम्ही २८ बाइटच्या उत्तरात अवतरणाच्या बाहेरही लिहिलेलं आहे, ट्रू या शब्दाच्या अगदी शेवटी. तो शब्द स्ट्रिंग करा आणि शेवटचं अक्षर काढा. शेवटचं म्हणजे वजा एकाव्या जागेवरचं, आणि एक तुमच्याकडे आहेच. सरळ लिहिलं तर ४१ बाइट होतात. ट्रूला वाटेतच एका अक्षराचं नाव देऊन, म्हणजे पायथन ३.८ पासून आलेल्या := ने, मी ३८ वर आणलंय आणि तिथे अडकलोय. ३७ जमलं तर इथेच खाली टाका, हेक्स डंपसकट.